कण्यांतलं मीठ

येलदरी, १० एप्रिल २०२५

चि. राजनंदिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू घसा फोडतेस, ते शेजाऱ्यांना ऐकू येतं, मला नाही. म्हणून एसटीच्या तात्यारावांबरोबर ही चिठ्ठी. तू डायलिसिसची नर्स झालीस खरी, पण शहाणपणात बाप अजून पुढे आहे. डॉक्टरांनी तुझ्या आईचं मीठ तोडलं, तर आमच्या बायनाबाईंनी जेवणच सोडलं. मग मी जिंतूरहून कमी सोडियमचं मीठ आणलं. आठवडा झाला, तिच्या ज्वारीच्या कण्या मीच शिजवतो आणि हे मीठ सढळ हातानं घालतो. माझं ताट वेगळं, साध्या मिठाचं. लय छान झाल्यात म्हणते, ताट चाटूनपुसून ठेवते.

भेटायला येणारे रिवाजाप्रमाणे शहाळी आणतात. सकाळ-संध्याकाळ एकेक देतो. फक्त कालपासून तिचे पाय जड झालेत, बाजेवरून उठवत नाही, बसल्या जागी धाप लागते. अशक्तपणा असावा. उद्यापासून शहाळं तीनदा देतो.

माया आहेच, ती चिठ्ठीनं वाढावी.
आप्पा

परभणी, ११ एप्रिल, सकाळी साडेदहा

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

चिठ्ठी आत्ता मिळाली. घाईत लिहितेय, अक्षराला हसू नका. शेजारच्या बालाजीदादाला ही चिठ्ठी आणि गाडी घेऊन पाठवलंय. त्याच्याशी वाद घालू नका, आईला आहे तशी घेऊन निघा. शहाळ्याचा घोटही नको. मिठाची डबी बरोबर आणा, डॉक्टरांना दाखवायचीय. मी इथं तिच्यासाठी मशीन अडवून बसलेय, म्हणून येता येत नाही.

त्या मिठात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं. शहाळ्यातही तेच. तुम्ही तीस वर्षं धरणाचे दरवाजे सांभाळलेत, आवक बघून पाणी सोडलंत. मूत्रपिंडं रक्तासाठी तेच करतात. पाणी, सोडियम, पोटॅशियम, आम्ल, जास्तीचं तेवढं लघवीवाटे सोडतात, लागेल ते परत ठेवून घेतात. आईचे दरवाजे अडकलेत आणि आपण वरून ओततोय. आम्ल साठलं म्हणून धाप लागत असणार. पोटॅशियम साठलं म्हणून पाय गेले असणार. पायांनंतर हृदय थांबतं, आप्पा.

मी रागावलेय, पण ते नंतर. आधी या.
तुमची नंदा

वॉर्डाबाहेरचं बाकडं, दुपारी साडेतीन

चि. नंदास आशीर्वाद.

आत सोडत नाहीत. कुणी बाहेर आलं की ओठ हलतात, मला कळत नाही काही. म्हणून कुसुमबाई आयांच्या हाती हे देतोय. गाडीत तुझ्या आईनं माझा हात धरला होता. जिंतूरच्या पुढं तिची पकड सुटली. पुरात दरवाजा अडकला होता तेव्हाही मी असा घाबरलो नव्हतो.

डॉक्टरांनी डबी बघून परत दिली. इथं बसल्या बसल्या चिमूटभर जिभेवर ठेवली. कडू आहे गं. आठ दिवस मी एकदाही चाखून बघितलं नाही. ती मात्र रोज छान म्हणायची. नंदे, आजारानं तिची चवही गेली का?

दोन अक्षरं लिही. काय असेल ते खरं लिही.
आप्पा

आतून, संध्याकाळी सात

ती. आप्पांस सा. न. वि. वि.

खरंच लिहिते. आई आली तेव्हा पोटॅशियम सव्वासात होतं, ते पाचाच्या आत हवं, आणि हृदयाचे ठोके चुकत होते. आधी इंजेक्शनं दिली, मग चार तास मशीन. आता ते पाचावर आलंय, धाप थांबलीय, ठोके नीट पडतायत. यापुढे आठवड्यातून दोनदा तिला इथं आणावं लागेल, ते टळणार नाही.

तुमची चिठ्ठी तिला वाचून दाखवली. तिची चव शाबूत आहे. पहिल्या घासालाच कडू लागलं होतं म्हणते. मग बोलली का नाहीस, म्हणून मी ओरडलेच तिच्यावर. तर म्हणाली, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्या माणसानं माझ्यासाठी चुलीपुढं बसून रांधलं, त्याला नाव कसं ठिवू?

आता आत या. जोडे बाहेर काढा, आणि तुम्हाला ऐकू जावं म्हणून तिला ओरडायला लावू नका. निरोप तिनं माझ्याकडेच दिलाय. कण्या अळणी चालतील, पण तुमीच करा.

तुमची नंदा