अपडेटच्या आधी उतरवलेली मॅच

सुरभीचे पप्पा,

तुम्ही कंपनीतून घरी याल तोवर आम्ही दोघी रोह्याला पोचलेल्या असू. जिल्ह्याच्या कबड्डी संघाची निवड आज तिथे हाय.

काल सेटटॉप बॉक्सवर सूचना आली, अपडेट केलं तर रेकॉर्डिंग पुसलं जाईल म्हणून, तेव्हा तुम्ही म्हणालात, "करून टाक. तिची मॅच पुसली गेली तर बरंच. पोरीनं टीव्हीवर दिसायचं नाय." अपडेट मी केलंय. पण त्याआधी दुकानदाराला फोनवर विचारत विचारत मॅच पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. पेनड्राइव्ह बॉक्सलाच लावून ठेवलाय.

मॅच लागली तेव्हा सगळी आळी आपल्या घरात होती, तुम्ही मात्र उठून अंगणात गेलात. आज एकटे असाल, तर बघा. शेवटच्या चढाईत तिघींनी धरलं, गुडघा फुटला, तरी पोरीनं मधल्या रेषेला हात लावलाच.

भात आणि वालाचं बिरडं झाकून ठेवलंय. फोन केलात तर उचलेन, पण माघारी फिरणार नाय.

निवडीच्या फॉर्मवर पालकाची सही लागत होती. आजवर सगळीकडे तुमचीच असायची. या वेळी मी केली, पूर्ण नाव लिहून.

वैशाली