पापणीवरची गोचीड

ती. अक्कास,

धाकट्याचा एका डोळ्याने साष्टांग नमस्कार. (दुसरा पट्टीखाली आहे. पट्टी डॉक्टरांनी नाही, मीच बांधली आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? तरी हे बसूनच वाच.

मागच्या आठवड्यात माझ्या पापणीवर तीळ उगवला. हिला दाखवला, तर म्हणाली, "तीळ कसला, रांजणवाडी आहे. शेका." मी कढत फडक्याने मनोभावे शेकत बसलो. रांजणवाडी बसायची सोडून गुबगुबीत झाली. शेवटी दुकानात (अजून सकाळी मशीनवर बसतो, मुलगा हसतो, हसू दे) सुईत दोरा ओवायचं भिंग डोळ्यापुढे धरून आरशात पाहिलं, तर रांजणवाडीला पाय! आणि ते हलत होते. अक्का, ती गोचीड होती. शेक देऊन देऊन मी तिचं बाळंतपण करत होतो!

शेजारचा न्हावी म्हणाला, "काका, काडीचा चटका देतो, आपोआप सुटेल." डोळ्याला चटका! मी तसाच दवाखान्यात पळालो. डॉक्टरीणबाईंनी बारीक चिमट्याने कातडीलगत धरून ती सरळ ओढून काढली आणि बजावलं, "पुढचे काही आठवडे ताप, डोकेदुखी, पुरळ आलं तर लगेच या. गोचिडीतून आजार पसरतात." (प्रत्येक गोचिडीतून नाही, असंही म्हणाल्या म्हणे. ते फक्त हिला ऐकू आलं.)

तेव्हापासून थर्मामीटर काखेतच असतो. ताप नाही, म्हणजे दबा धरून बसलेला असणार. पुरळ शोधायला बनियन काढून आरशासमोर उभा राहिलो, की सूनबाई दार लोटून घेते.

गोचीड आणली आमच्या ढोल्याने. हा कुत्रा माझ्याच उशीवर झोपतो. सूनबाईने निक्षून सांगितलंय, "बाबा, घरात बाळ रांगतंय. ढोल्याची दुसरीकडे सोय करा." तिचं काही चुकत नाही. तू एकटी असतेस, अंगण मोठं आहे, त्याला घेऊन जा. असल्या कृतघ्नाचं मला तोंडही पाहायचं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याला औषध लावून आणलंय. पण कानामागे, बोटांच्या बेचक्यांत रोज तपासावं लागतं, आणि तिथे तो फक्त मलाच हात लावू देतो.

ता. क. दुसरा. त्याला परक्या घरी एकट्याला झोप येत नाही. मागची खोली रिकामीच आहे ना? बाळ चालायला लागेपर्यंतचाच प्रश्न आहे.

ता. क. तिसरा. हिने हे वाचलं. म्हणते, "आणि तिकडे तुमचा ताप कोण बघणार?" तेव्हा अंथरूण तिघांचं घाल. ढोल्या मधे झोपतो.