तिसऱ्यांदा ‘राहू दे’ म्हणाल्या नाहीत

४ नोव्हेंबर
श्वेताला जर्मनीला जाऊन दोन महिने झाले. आज साडेसहाला फोन. तिच्याकडे दुपारचे दोन, ती सांभाळते ती मुलं झोपलेली. बोलता बोलता इस्त्री चालू होती. कुणाचे कपडे?
“सगळ्यांचे, मम्मी.”
सगळ्यांचे म्हणजे त्या घरच्या साहेबांचे शर्टसुद्धा. हे तुझ्या कामात आहे का, विचारलं. “नव्हतं. आता पडलंय अंगावर.” आवाज थकलेला. माझाही असणार. पेपर तपासायचे राहिले.

६ नोव्हेंबर
स्टाफरूममध्ये जोशी बाई: “ओ-पेअर म्हणजे नेमकं काय हो?” मी म्हटलं, कल्चरल एक्सचेंज. “अच्छा, म्हणजे शिकायला गेली.” मी मान हलवली.
तिथल्या एका कुटुंबात राहायचं, त्यांची दोन लहान मुलं सांभाळायची, आठवड्याला तीस तास. बदल्यात खोली, जेवण, हातखर्च, भाषेचा क्लास. इतकंच सांगायचं होतं. जीभ वळली नाही. आईनं क्रांती चौकाच्या मागं बंगल्यांत बावीस वर्षं भांडी घासली, मला नोकरी लागली तेव्हा थांबली. त्यामुळं असेल.

९ नोव्हेंबर
श्वेताचा क्लास परत बुडाला. तास किती होतात? “मोजायचं सोडलं.”
सुरुवात कशी झाली, ते आज सांगितलं. पहिल्या रविवारी जेवणं झाल्यावर तिनं सगळी भांडी हातानं घासून ठेवली, घरात मशीन असताना. मुलांची आई म्हणाली, राहू दे. दुसऱ्या दिवशी परत घासली, परत राहू दे.
“तिसऱ्यांदा त्या राहू दे म्हणाल्या नाहीत. मम्मी, तूच सांगितलेलं, कुणाच्या घरी रिकामं बसायचं नाही.”
सांगितलं होतं. विमानतळावर, शेवटचं वाक्य म्हणून. आपल्याकडं ‘राहू दे’ ऐकलं की हात अजून भरभर चालवायचे असतात. तिथं राहू दे म्हणजे राहू दे, हे मला कुठं माहीत होतं.

१० नोव्हेंबर
आईला कळू द्यायचं नव्हतं. पडेगावातलं दोन खोल्यांचं घर, काय लपणार. मेथी निवडता निवडता म्हणाली, “भांडी घासती व्हय पोरगी?”
“मुलं सांभाळते, आई. भांडी आपणहून.”
“आपणहूनच असतंय. एका बाईनं नुसता डबा धुवाय सांगितला, म्या वटा बी पुसला. मग वटा रोज माझाच.”
“मग काय करायला पाहिजे होतं?”
“हात पुसायचे. बाई, निघते म्हणायचं.”
“तू म्हणालीस कधी?”
“नाय.” पुढची जुडी सोडत, “रिकामं बसू नाय, हे तुला कुणी शिकवलं? म्याच ना.”
भाजीत एक काडी राहिली नाही. लई बारीक निवडते अजून.

१३ नोव्हेंबर
श्वेतानं तिला पाठवणाऱ्या संस्थेला विचारलं. घर बदलता येतं, दोन आठवड्यांची नोटीस. तेवढ्यात दुसरं घर मिळालं नाही तर परत यावं लागेल. आधी त्या घरच्यांशी बोलून बघ, म्हणाले.
हे वाळूजच्या कंपनीतून दमून आले होते. “काढ म्हणावं थोडे महिने. वर्षाचा तर प्रश्न आहे.” तेच माझ्याही ओठावर होतं, हे आज इथं लिहून ठेवते.

१६ नोव्हेंबर
फोनवर दोघींनी मिळून वाक्य जुळवलं. ‘ठरल्याप्रमाणे मी तीस तास काम करीन आणि क्लासला जाईन.’ ती त्याचं जर्मन करणार.
“आधी सॉरी म्हणू का?”
हो म्हणाले. मग नको म्हणाले. मग तिलाच ठरवायला सांगितलं. इतकी वर्षं शिकवते, एक वाक्य धड सांगता आलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
नाश्त्यानंतर बोलणार होती, म्हणजे आपले दोन-अडीच. वरण दोनदा गरम केलं, कुणी जेवलं नाही.
सव्वातीनला मेसेज:
“बोलले. सॉरी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुला हे सगळं करायला आवडतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. नवऱ्याशी बोलून उद्या सांगतील. मी चुकले का गं?”
उत्तर तीनदा लिहून खोडलं. आई दारात उभी. “काय म्हणली गं पोरगी?”
वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीशी थांबले.
“थांबली कामून? पुढं वाच.”