मानपान आटपेपर्यंत शत्रूला थांबव

पार्से, पेडणे
मंगळवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

चि. गौरवी हिस गोकुळमामाचे आणि (स्वयंपाकघरातून ओरडून कळवल्याप्रमाणे) पद्मावतीमामीचेही अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत बरी असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि पुण्यात मनासारखी मासळी मिळत नसल्याचं दुःख थोडं निवलं असेल, अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. मामीचा गुडघा दुखतो, पण तो फक्त जिना दिसला की. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात तुझी आई भेटली. सर्वणहून एवढ्या लांब ती म्हणे मिरच्या घ्यायला आली होती, पण मिरच्यांकडे न बघता तिने मला तुझ्याबद्दल तीनदा एकच विचारलं, "दादा, चेडवाच्या खेळाचें कितें जालें?" मी "बरं चाललंय" म्हटलं आणि चणे घ्यायच्या निमित्ताने सटकलो. खरं काय ते तुला फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "मामा, मुद्द्यावर ये" म्हणतेस, आणि माझा मुद्दा वाटेत चार घरी चहा घेतल्याशिवाय कुठे पोचत नाही. म्हणून हे पत्र.

येत्या वीस तारखेला तुझ्या कंपनीतली मोठी माणसं तुझा संगणकावरचा खेळ बघणार, आणि पहिल्या दहा मिनिटांत तो त्यांना उमगला नाही तर तुझं दोन वर्षांचं काम गुंडाळून ठेवणार, हे मला पाठ आहे. त्यासाठीच तर तू तो आधी माझ्याकडे पाठवलास. ("मामा, तुला जमला तर जगात कुणालाही जमेल," हे तू प्रेमाने म्हणालीस असं मी धरून चालतो.) गावाने भात पिकवायचं, लाकूड तोडायचं, बुरूज बांधायचे, शिपाई उभे करायचे आणि समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंना गावाच्या शिमेवर, म्हणजे वेशीवर, अडवायचं, एवढंच. पण हे करताना घड्याळ चालूच. आपण थांबलो म्हणून लुटारू होडीत वाट बघत बसत नाहीत. हे मला पहिल्या दिवशी दुपारची झोप काढून उठल्यावर कळलं, तोवर गावात एक कोंबडीही उरली नव्हती.

तू सांगितल्याप्रमाणे मी सोप्यावर संगणक मांडला आणि गावातली अकरा माणसं बसवली. काजूबागायतवाला बाबली पहिला. त्याने आठ मिनिटांत लुटारूंना पळवलं, चहात पावाचा उंडा बुडवून खाल्ला आणि म्हणाला, "आमचो गांव इतको सोंपो न्हय." बाकीच्यांचंही तेच. सगळे जिंकले, सगळे घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी एकही परत आला नाही. इथे मी शहाणपणा केला. खेळात काय कमी आहे ते सगळ्यांना घरोघरी जाऊन विचारलं. (आपल्या गावात कुणाला "काय कमी आहे" असं विचारू नये, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी समजलं.) देवस्थान कमिटीचे अनंतबाब म्हणाले, शिपाई निघण्याआधी आमच्या घराण्याचा नारळ फुटला पाहिजे. बाबली म्हणाला, दिवटी आमची. कुणाचा ढोल, कुणाचं निशाण. एका घराण्याला तर पालखी उचलण्यापूर्वी नुसतं "हं" म्हणायचा मान आहे, तोही निघाला. मी फुलस्केप कागदावर सतरा मान लिहून तुला धाडले. आणि तू गुणाची पोर, सतराच्या सतरा खेळात घातलेस, प्रत्येकाला एकेक बटण, आणि क्रम चुकला तर शिपाई रुसून बसणार. गौरवी, तू एवढी शिकलेली, तुला तरी नाही म्हणता यायला हवं होतं.

मग काय विचारतेस. अनंतबाबांनी नारळ फोडला, दिवटी लावली, ढोल शोधायला गेले तर ढोलवाला भातात कापणी करत होता. त्याला आणेपर्यंत दिवटी विझली. दिवटी विझली म्हणजे पुन्हा नारळापासून. तिकडे लुटारू शिमेवर आले, शीम ओलांडली, वखार लुटली, आणि अनंतबाब घाम पुसत "हं"चं बटण शोधतायत. गाव गेला. मला वाटलं आता शिव्या घालतील. पण हा गृहस्थ समाधानाने मागे टेकून म्हणाला, "गांव जळ्ळो, पूण मान चुकूंक ना." अकरा माणसांनी अकरा गाव जाळून घेतले आणि तुझ्या त्या अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळ्यांनी दहापैकी दहा गुण दिले. शिवाय आता रोज दुपारी चारला माझ्या सोप्यावर रांग लागते. मामी म्हणते, उंड्यांसाठी पाववाल्या पोदेराला वर्दी वाढवून द्यावी लागली.

हे मी तुला मोठ्या आनंदाने कळवलं, आणि तुझा निरोप आला, "मामा, मी सगळं काढून टाकते, पहिल्यासारखी तीन बटणं ठेवते." ते मला पटेना. कारण तीन बटणांचा खेळ लोक जिंकून विसरले, आणि सतरा बटणांचा हरायला रोज येतात. यातला कुठला वीस तारखेला तारेल? याचं उत्तर आलं भागीरथीकडून.

शेजारच्या घराचं बांधकाम चालू आहे, त्यावर ती मुकादम आहे. मूळची बेळगावकडची, इथे पंधरा वर्षं झाली. बारा माणसं, चिरे, वाळू, सिमेंट आणि नवरा भैरू (तो गवंडी) हे सगळं ती एका जागी उभी राहून हलवते. पाणी मागायला आली, पडद्यावरची आमची आग बघत राहिली आणि म्हणाली, "मी बसू का?" बसली. लुटारूंच्या होड्या अजून ठिपक्याएवढ्या होत्या, तेवढ्यात तिने नारळवाला, दिवटीवाला, ढोलवाला, निशाणवाला, "हं"वाला अशी सगळी वरात शिमेवर नेऊन उभी केली आणि सतरा मान तिथेच उरकले. होड्या किनाऱ्याला लागल्या तेव्हा शिपाई तयार. सतरा मानांसकट सोप्यावरची पहिली जीत. मग ती म्हणाली, "मानपान आदल्या दिशी उरकायचं असतंय वो मामा. वरात दारात आल्यावर कोन रुसलंय बघत बसलं तर नवरा पळून जातोय. आनि ह्ये सतरा येळा दाबायचं एका येळंत व्हाया पायजे."

तेव्हा पोरी, काही काढू नकोस. सतरा मान राहू देत, पण बटण एकच ठेव, गाऱ्हाण्याचं, म्हणजे देवाला साकडं घालायचं. ते दाबलं की सगळे मानकरी आपापल्या क्रमाने आपोआप निघतील. खेळणाऱ्याने फक्त कुठे आणि कधी एवढंच ठरवायचं. चुकीच्या वेळी दाबलं तर गाव जळेल, म्हणजे आपली माणसंही खूश. तुझी मोठी माणसं दहा मिनिटांत एक बटण शिकतील, आणि ते केव्हा दाबावं हे शिकायला पुन्हा पुन्हा येतील. मला तुझा फार अभिमान वाटतो, हे फोनवर कधी म्हणालो नाही, म्हणून लिहून ठेवतो.

वडीलधाऱ्यांना नमस्कार, तुझ्या खोलीतल्या मैत्रिणींना आशीर्वाद, आणि जेवणाची हयगय करू नकोस.

तुझा,
गोकुळमामा

ता. क. : "मामा, यादीत पहिल्याच ओळीत, दोनदा अधोरेखित केलेली, ही छत्री कशाला?" असं तू विचारलं होतंस. पालखीवर छत्री धरायचा मान आपल्या घराण्याचा आहे. वरती मी लोकांना बरंच हसलो, ते मागे घेतो. छत्री काढू नकोस.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी मनात आलं, भागीरथीला या गावात पंधरा वर्षांत कसलाच मान मिळालेला नाही. म्हणून कुंपणापलीकडे जाऊन तिला सांगितलं, खेळात आमचा छत्रीचा मान तुझ्या नावाने घालायला लावतो. चिरे मोजता मोजता ती म्हणाली, "छत्री तुमची तुमी धरा. मला त्ये बटन द्या." अनंतबाबांना विचारलं. त्यांनी मान डोलावली. तर गौरवी, गाऱ्हाण्याच्या बटणावर भागीरथीचं चित्र काढ, डोक्याला बांधलेल्या टॉवेलासकट. आणि तिच्यावर छत्री धरायचा मान आपला.