सुनंदाची स्लाइड

१४ ऑक्टोबर १९९३
सकाळी लॅबमध्ये तपासायला मेंदूचा तुकडा आला, हरभऱ्याएवढा. सुनंदा, वय २४. माहेर त्र्यंबकच्या पलीकडे, सासर नाशिक रोड. डावा हात-पाय आठवड्यात लुळा, सीटीत उजवीकडे गाठ. पेशी दाटीवाटीने, काही विभागताना दिसतात. पण मधे फेसाळ पेशी फार. त्या मला आवडल्या नाहीत, गाठीत एवढ्या नसतात. मायलिनचा, म्हणजे तंतूंवरच्या आवरणाचा, निळा रंग करून बघावा, तर तो आपल्याकडे नाही. मुंबईला पाठवायचं म्हणजे दहा-बारा दिवस. सर्जनचा तिसरा फोन. "मॅडम, ट्यूमर आहे की नाही एवढंच सांगा."
दिलं लिहून. ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड तीन, म्हणजे मेंदूचा कॅन्सर. सही.

१६ ऑक्टो.
रिपोर्ट न्यायला तिचे वडील आले. पेशंट आमच्याकडे काचेवर येतात, माणसांशी बोलायची मला सवय नाही. किती दिवस आहेत, असं त्यांनी विचारलं. सर्जनना विचारा म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, साधारण दोन वर्षं. "बरं," म्हणाले. रिपोर्ट नीट घडी करून पिशवीत ठेवला. जिना उतरताना दोनदा थांबले.

२ फेब्रु. १९९४
एका लग्नात सर्जन भेटले. सुनंदाचं मुंबईचं रेडिएशन झालं. सव्वा वर्षाची मुलगी तिने आपणहून मोठ्या जावेला देऊन टाकली. आत्ताच सवय लागली तर पोर मागून रडायची नाही, म्हणाली म्हणे. स्वतः माहेरी गेली. समजूतदार बाई, सर्जन म्हणाले. मीही मान हलवली. जिलबी कडक होती.

२४ नोव्हें. १९९६
सुनंदाचे वडील दारात. हातात नव्या तांदळाची पिशवी. "बाई, तुमी बरोबर वळखलं म्हून पोरगी हाय." पाय ओढते, पण भाताच्या आवणीला उभी राहते. नवऱ्याने मात्र दुसरी केली. मी पिशवी घेणार नव्हते, त्यांनी टेबलाखाली ठेवलीच.
आमचे टेक्निशियन शिंदे म्हणाले, ग्रेड तीनवाली इतकी टिकत नाही हो. म्हटलं, टिकते एखादी. दिवसभर खुशीत होते, खोटं कशाला लिहू. चार जणांना फोन करून सांगितलं.

११ जाने. २००४
एमएसवरचं, मल्टिपल स्क्लेरोसिसवरचं, काम शेवटी सुरू. शिकताना सांगायचे, हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे शोधत बसू नका. एमआरआय आल्यापासून आपल्या नाशकातच तरुण बायका सापडायला लागल्या. शरीरच मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खात सुटतं. या आजाराचा मोठा डाग हुबेहूब गाठीसारखा दिसू शकतो. मला बघायचंय, आपल्या जुन्या 'गाठीं'त असे किती लपलेत. जुने तुकडे जपलेले मेणाचे ठोकळे खोक्यांतून काढायचे, नवे काप घ्यायचे, निळा रंग. मायलिन असेल तिथे निळं, नसेल तिथे फिकं. शिंदे रिटायर झालेत, तरी हौसेने येतात. दुसऱ्यांच्या चुका सापडणार म्हणून मला आतून थोडी मजाच वाटतेय.

१९ फेब्रु.
९३ चा ठोकळा. निळ्याच्या मधोमध फिका डाग, कड कात्रीने कापल्यासारखी. आतले तंतू शाबूत. फेसाळ पेशींच्या पोटात निळे कण.
ट्यूमर नाही. नव्हताच.
नंबर दोनदा ताडून पाहिला. रजिस्टरमध्ये सुनंदाचं नाव, खाली माझी सही. शिंद्यांना बघायला बसवलं. बराच वेळ डोळा उचलला नाही त्यांनी. मग उठून चहा टाकला.

२१ फेब्रु.
चूक समजण्यासारखी आहे. पुस्तकात तिच्यावर आख्खं पान आहे, मोठमोठ्यांनी केली आहे. सगळं खरं. पण दोन वर्षं हे त्या माणसाला मी सांगितलं, जिन्याच्या तोंडाशी उभं राहून. आणि त्या दोन वर्षांपायी तिने पोर दिली.
सर्जनना फोन. ते म्हणाले, कशाला उकरता, त्यांच्या लेखी ती बरी झालीय. मलाही क्षणभर तेच हवं होतं. पण दिवाळीत तांदूळ घेऊन आले तेव्हा वडील सांगत होते, मधे महिनाभर तिचा एक डोळा गेला होता, गाठ परत आली म्हणून घरात सगळे धास्तावलेत. डोळा जाणं हेही एमएसचंच, म्हणजे आजार चालूच आहे आणि औषध शून्य.
शिवाय माझ्या पेपरसाठी याहून चांगली केस मिळणार नाही, हेही मनात आलंच. लाज वाटली.

७ मार्च
तिच्या माहेरी गेले. दहा वर्षं तिच्या मेंदूचा तुकडा माझ्याकडे, चेहरा आज पाहिला. रुंद कपाळ, केस पांढरे व्हायला लागलेत. ओट्यावर नागली पाखडत बसली होती. वडिलांनी खुर्ची पुसून दिली. मी खाली बसले.
जमेल तसं सांगितलं. गाठ नव्हती, दुसरा आजार आहे, चूक माझी. वडील मधेच उठून गोठ्याकडे गेले, ते परत आलेच नाहीत.
ती म्हणाली, "म्हंजे मी मरणारच नव्हते?"
"नाही."
सूप बाजूला ठेवलं तिने. मुलगी सुट्टीत येते, सांगत होती. जावेला आई म्हणते, हिला काकू. अभ्यासात हुशार आहे, डोळे हिच्यासारखेच. हे सगळं अगदी नेहमीच्या आवाजात.
मग विचारलं, "अजून किती वरसं हायेत मला?"
म्हटलं, पुष्कळ. औषध घ्यावं लागेल, पाय त्रास देईल, पण पुष्कळ वर्षं आहेत. तेव्हा रडली. तोवर रडली नव्हती. मला हात लावायचं धाडस झालं नाही.

१६ मार्च
सुधारलेला रिपोर्ट टाइप करून ठेवलाय. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली, २२ ला, मी स्वतः नेणार. तेवढं तिने मान्य केलं.
दुपारी गावातल्या दुकानातून तिचा फोन. कागद सासरी कोणाला धाडू नका, म्हणाली. "मी मरणार होते म्हून तुला दिली, असं पोरीला कवातरी सांगायचं ठरवलं व्हतं. आता काय सांगू, बाई?"
मागे दुकानात कोणीतरी साखर मागत होतं.
मग म्हणाली, तुम्हीच सांगाल का तिला. मी हो म्हटलं. आता लगेच नको, म्हणाली, पोरीची वार्षिक परीक्षा होऊ दे.
शाळा १२ एप्रिलला सुटते.