मोठं अक्षर

दि. ३ जुलै

चि. खारूस, अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. कामाच्या चिठ्ठ्या हल्ली इंग्रजीत येतात, म्हणून मी संध्याकाळच्या इंग्रजी वर्गाला जाऊ लागलोय, हे आईने कळवलंच असेल. पण त्या विशेषनामाने माझा पार भुगा केलाय. बाई म्हणतात, विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं. मी 'कार्पेंटर' मोठ्या अक्षराने लिहिलं, तर लाल गोल! अख्खी गल्ली मला सुतार म्हणूनच हाक मारते, मग ते माझं नाव नव्हे का? 'चेअर'लाही गोल. स्वतः तासलेल्या खुर्चीला एवढा मान दिला तर बिघडलं कुठे? तू इंग्रजीची मास्तरीण होणार, तूच सोडव. आई म्हणते, दूध पीत जा.

आठवण ठेव.
तुझा,
काका

दि. ९ जुलै

ती. स्व. काकांस, सा. न. वि. वि.

तुमचे लाल गोल वाचून खोलीत एकटीच हसत बसले. जगात सुतार पुष्कळ, म्हणून तो शब्द सामान्यनाम. विशेषनाम एकट्याचं असतं. फांदीवरची खार लहान अक्षराची, तुमची खारू मोठ्या अक्षराची. खुर्ची मात्र कितीही देखणी झाली तरी लहानच.

आता भांडण. पदवीदानाच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात तुम्ही इंग्रजीत 'आईचा नवरा' असं लिहिलंत, तेही सगळं लहान अक्षरांत. कारकुनाने ते वाचून एकट्या आईचाच पास काढला. आई आत बसणार, आणि तुम्ही? का लिहिलंत असं?

रागावलेय, तरी माया तेवढीच आहे.
तुमची,
खारू

दि. १५ जुलै

चि. खारूस, अनेक आशीर्वाद.

मी तुझ्या आईशी लग्न करून या घरात आलो तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. दारातच बजावलंस की मी तुम्हाला काकाच म्हणणार. मला ते पटलं, अजूनही पटतं. तो रकाना ज्यांचा, त्यांचा फोटो मी रोज पुसतो. तिथे माझं नाव लिहायला हात धजेना. मी बाहेर फाटकाशी उभा राहीन, टाळ्या तिथवर ऐकू येतात. रुसवाफुगवा काही नाही. आई मात्र सकाळपासून माझ्याशी बोलत नाहीये. आता तूच तिची समजूत काढ.

तब्येतीला जप.
तुझा,
काका

दि. २१ जुलै

तीर्थरूप बाबांस, सा. न. वि. वि.

फॉर्म परत मागून घेतला आणि तुमची ओळ खोडली. रकान्यात त्यांचं नाव लिहिलं, शेजारी तुमचं. कारकून म्हणाला, दोन कसे? मी म्हटलं, आहेत, त्याला मी काय करू. एका खुर्चीशेजारी दुसरी मांडली म्हणून पहिली हलत नाही, हे सुताराला मी सांगायचं?

एक नियम सांगायचा राहिला. 'माझे वडील' म्हणताना इंग्रजीत 'फादर' लहान अक्षराने. पण नावाऐवजी तीच हाक मारली की ते विशेषनाम होतं, अक्षर मोठं. आपल्या लिपीत मोठं अक्षर नाही, म्हणून मायना बदलला.

तुमचा पास सोबत आहे, पुढच्या रांगेतला. फाटकाशी दिसलात तर याद राखा.

लोभ आहेच, तो वाढू द्या.
तुमची,
खारू

दि. २७ जुलै

चि. खारूस, अनेक आशीर्वाद.

पास पोचला. आई बोलायला लागली. तुझा मायना तिने मला तीनदा वाचून दाखवला, जणू मला वाचताच येत नाही.

काल वर्गात वाक्य करायचं होतं. तुझा समारंभ शनिवारी, म्हणून मी लिहिलं, 'फादर शनिवारी येणार.' बाई म्हणाल्या, वाक्याच्या सुरुवातीला कुठलाही शब्द मोठाच असतो, त्यात विशेष काही नाही. मग ते खोडलं आणि तो शब्द मधोमध बसवला : 'शनिवारी फादर येणार.' अक्षर मोठंच ठेवलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं आणि बरोबरची खूण केली.

तुझा,
बाबा