तिसऱ्या रस्त्यावरचं घर

न्यू कॉरिंथ, मिसुरीकाठ
मे १८५७

प्रिय कझाया, तुला प्रेम आणि मुलांना पापा.

मी खुशाल आहे. ताप उतरला. घराला छप्पर झालं, चूलही आता धूर करत नाही.

घोळ आहे तो फक्त पत्त्याचा. शहराच्या नकाशात बाजार, कोर्ट, दोन चर्च आहेत. इथे सध्या नुसत्या रस्ते आणि प्लॉट आखायला ठोकलेल्या खुंट्या. आपला प्लॉट नदीपासून तिसऱ्या रस्त्यावर होता. एप्रिलच्या पुरात पहिला रस्ता खुंट्यांसकट वाहून गेला. मग शहर वसवणारे मिस्टर टिलसन आले आणि उरलेल्या खुंट्यांवर नवे आकडे रंगवून गेले. आता आपण दुसऱ्या रस्त्यावर.

"अहो, पण नकाशात आम्ही तिसऱ्यावर आहोत," मी म्हटलं.

"मग आता नदीच्या जवळ आलात ना? उलट आभार माना."

चिडावं की आभार मानावेत, मला अजून कळलेलं नाही. शेजारची हुल्डाबाई म्हणते, "बसल्या जागी बढती मिळाली तुम्हाला."

काल पुन्हा थोडा काठ ढासळला. तेव्हा पाकिटावर रस्ता घालू नकोस, नुसतं नाव पुरे.

आईचा गुडघा कसा आहे? तुम्ही सगळे शरदात निघताय ना? आणि सहज विचारतो, आपल्या आल्बनला पोहायला शिकवलंस का?

तुझाच,
ऑर्सन